तुम्ही ज्या सिनेमाला रडलात

अप्पा, परवा तुमच्या शोकसभेत माझ्या नेहानं माइक हातात घेतला आणि सांगितलं, “आमचे अज्जा इतके हळवे होते, की सिनेमा बघताना लहान मुलासारखे रडायचे.” जे. पी. नगरच्या मंडळाच्या त्या हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं होती. सगळ्यांनी माना हलवल्या. तुमचा चुलतभाऊ शंकरअण्णा पहिल्या रांगेत बसून डोळे पुसत होता. त्याच्या आधीच्या भाषणात तुम्ही ‘देवमाणूस’ होऊन गेला होतात. आई त्याच्या शेजारच्या खुर्चीत, मांडीवरच्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत बसली होती. मी उठले आणि बाहेर, जिथं चपला काढल्या होत्या तिथं जाऊन उभी राहिले. लोकांना वाटलं, मला रडू आवरेना. मला हसू आवरत नव्हतं.

नेहाचा दोष नाही. एकोणीस वर्षांची पोरगी, तिनं जे पाहिलं ते सांगितलं. तुम्ही रडलात हे खरंच आहे. मी एक खुर्ची सोडून बसले होते, मीही पाहिलं.

तुमचा राग करायला मी तुमच्या मरणाची वाट बघत होते असं नाही. जिवंतपणीही करतच होते. पण तुमच्याशी बोलायचं म्हणजे कठीण काम. समोरच्याचं वाक्य तुम्ही मध्येच उचलायचात, तुम्हाला हवं तसं वळवायचात आणि वर “तेच तर मी म्हणतोय” असं सांगून मोकळे व्हायचात. आता निदान मला माझी वाक्यं संपवता येतील. आणि मराठीत लिहितेय, कारण आपल्याकडे ती घरातलीच भाषा. शाळेत मी कन्नड शिकले, कॉलेजात पोरांना रसायनशास्त्र इंग्रजीत शिकवते, बाजारात, रिक्षात, शेजारी सगळीकडे कन्नड. साडेतीनशे वर्षं या बेंगळुरात राहून आपल्या लोकांनी मराठी उंबऱ्याच्या आत जपली. जे सांगायचंय तेही उंबऱ्याच्या आतलंच आहे.

मागच्या वर्षी, गणपती होऊन गेल्यानंतरच्या एका रविवारी, नेहानं आपल्या तिघांची तिकिटं काढली होती. आई येणारच नव्हती. “तीन तास अंधारात कोंडून कोण बसणार?” असं म्हणाली आणि शेंगा सोलत बसली. तुम्ही हसलात. मीही हसले, हे कबूल करते.

कोरमंगलाच्या मॉलमधलं थिएटर, वरून तिसरी रांग. मध्ये नेहा, तिच्या एका बाजूला तुम्ही, दुसऱ्या बाजूला मी. सिनेमाची गावभर चर्चा होती. कॉफीच्या मळ्यातला एक बंगला, वरच्या मजल्यावर कोंडून ठेवलेली एक बाई आणि तिची सहा वर्षांची मुलगी. कोंडणारा माणूस मारत नाही, ओरडत नाही, आठवड्यातून एकदा मिठाईचा पुडा घेऊन येतो. आई मुलीला रोज खोलीत गोल गोल चालायला लावते आणि पावलं मोजून सांगते, आज आपण हासनला पोचलो, आज मैसूर आलं. शेवटी कॉफीच्या पोत्यांच्या ढिगाऱ्यावर मुलगी खिडकीतून उडी टाकते आणि मळ्यातल्या मजूर बायका तिला उचलून नेतात.

खोटा सिनेमा होता, अप्पा. कोंडलेल्या त्या बाईचे केस रोज धुतल्यासारखे. मुलीच्या अंगावरचा फ्रॉक मळका होता, पण मळका करायला कुणीतरी पगारावर ठेवलं असावं इतका व्यवस्थित मळका. दोघींचं कधी वाजत नाही. वाजलंच तर पुढच्या मिनिटाला मिठी आणि मागे बासरी. ती मुलगी तर इतकं शहाण्यासारखं बोलत होती, की सहा वर्षांचं पोर एका खोलीत महिनोन्महिने राहिलं तर भिंत चाटायला लागतं, हे लिहिणाऱ्याला कुणी सांगितलेलंच नसावं. मी चाटलेली आहे. चुन्याची चव अजून आठवते.

पावलं मोजत त्या दोघी मैसूरला पोचल्या तेव्हा तुम्ही नाक ओढलंत. मला वाटलं, एसीमुळे. मग रुमाल निघाला. मग खांदे हलायला लागले. नेहानं तुमचा हात हातात घेतला आणि माझ्याकडे वळून बघितलं, तिचे डोळे भरलेले. ‘बघ ना अम्मा, अज्जा किती चांगले आहेत,’ असा तिचा चेहरा. तुम्ही हळू आवाजात, पण पुढच्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणालात, “राक्षस आहे हा. राक्षस! असल्या माणसाला भर चौकात फटके मारायला हवेत.” पुढची बाई मागे वळली आणि तुमच्याकडे बघून मायेनं हसली.

त्यानंतरचा सिनेमा मी धड पाहिलाच नाही. तुमच्याकडे बघत बसले. पडद्यावरचा उजेड तुमच्या ओल्या गालावर पडत होता आणि मला आयुष्यात कुणाची इतकी किळस आली नव्हती.

मी चार वर्षांची होते तेव्हा आपण होसकोट्याला राहायला गेलो. तुम्ही तिथल्या कारखान्यात सुपरवायझर झाला होतात. कारखान्यापासून दोन मैलांवर नवीन प्लॉट पाडलेले, त्यात शेवटचं, दोन खोल्यांचं घर. मागे धुण्याची मोरी, तिच्याभोवती उंच भिंत. पुढे रस्त्याकडे एक खिडकी, गजांची. समोर गौरम्माचं घर आणि तिचा गोठा. बाकी नुसते दगड रोवलेले प्लॉट.

तिथं गेल्यावर दोन-तीन महिन्यांत आई एक दिवस मला घेऊन बसनं बेंगळुराला आली, मावशीकडे. तुम्हाला विचारलं नव्हतं. दुपारभर दोघी बहिणी बोलल्या, मी मावशीच्या पलंगावर झोपले आणि संध्याकाळी आम्ही परत गेलो. तुम्ही त्या दिवशी लवकर आला होतात. तुम्ही हातपाय धुतलेत. जेवलात. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता डबा घेऊन बाहेर पडलात आणि बाहेरून कडी घालून कुलूप लावलंत. “चोर-चिलटांचे दिवस आहेत,” एवढंच खिडकीतून सांगितलंत. आईला वाटलं, रागावलेत, एक-दोन दिवसांत उतरेल.

मी जवळजवळ सात वर्षांची होईपर्यंत ते कुलूप रोज लागत होतं. सकाळी सात ते संध्याकाळी सहा. मला शाळेत घातलं नव्हतं. कुणी विचारलं तर तुम्ही म्हणायचात, “अजून लहान आहे, घाई काय?”

माझी आई मला पावलं मोजत कुठे नेत नव्हती, अप्पा. ती झोपायची. अकराला स्वयंपाक आवरला की भिंतीकडे तोंड करून जी आडवी व्हायची ती चारला उठायची. मी तिच्या वेणीशी खेळायचे, तिचे पैंजण वाजवायचे, मग मुद्दाम भांडी पाडायचे. एकदा मी प्यायच्या पाण्याची कळशी मोरीत ओतून दिली, पाणी कसं धावतं ते बघायला. तेव्हा तिनं मला मारलं, दमून खाली बसेपर्यंत मारलं. मग स्वतः रडली नाही, मला जवळही घेतलं नाही. कोपऱ्यात बसून राहिली. संध्याकाळपर्यंत घरात प्यायला पाणी नव्हतं. असला प्रसंग सिनेमात घातला तर तिकिटं खपणार नाहीत.

गौरम्मा रोज दूध द्यायला खिडकीशी यायची. तिचा लोटा गजांतून आत यायचा नाही, म्हणून ती बाहेरून ओतायची आणि आई आतून पातेलं धरायची. थोडं दूध खाली भिंतीवर ओघळायचं आणि तिथं मुंग्यांची रांग लागायची. ती रांग मी तासन्‌तास बघत बसायचे. शनिवारी तुम्ही मैसूरपाक आणायचात. रविवारी आम्हाला देवळात न्यायचात, बाजारात न्यायचात, मला उचलून घ्यायचात. कारखान्यातले लोक भेटले की म्हणायचे, बायकोमुलीला किती फिरवता हो. सिनेमातला तो माणूस मिठाईचा पुडा घेऊन जिना चढत होता तेव्हा मी तुमच्याकडे बघितलं होतं. म्हटलं, आता तरी काही हलेल. तुम्ही पॉपकॉर्नमध्ये हात घातलात.

ज्या दिवशी मी मोरीत घसरले, तो दिवस तुम्ही आयुष्यभर सांगत आलात. माझ्या साखरपुड्यात सांगितलात, नेहाच्या बारशाला सांगितलात. “मंजू पडली, हनुवटी फुटली, रक्तानं फ्रॉक भिजलेला, मी तशीच उचलली आणि धावत सुटलो.” लोक ऐकायचे. आई वाढत असायची, तिचा हात कधी थांबला नाही. तुम्ही तिथं नव्हतात, अप्पा. तुम्ही कारखान्यात होतात आणि किल्ली तुमच्या खिशात होती.

मोरीतल्या शेवाळावरून मी दगडावर आपटले. आईनं मला उचललं, पदर हनुवटीला दाबला आणि खिडकीशी जाऊन ओरडायला लागली. तसा आवाज तिच्या अंगात असेल असं मला वाटलं नव्हतं. गौरम्मा शेणाच्या हातानं धावत आली. आधी तिनं दगडानं कुलूप ठेचलं, ते काही तुटेना. मग गोठ्यातून पहार आणली आणि दाराचा कोयंडाच उखडून काढला. तिचा नवरा दूध घालायला जायचा त्या मोपेडवर, दोन कॅनच्या मध्ये, आई मला मांडीवर घेऊन बसली आणि डॉक्टरकडे पाच टाके पडले.

सहाला तुम्ही आलात. मी खाटेवर, तोंडाभोवती पट्टी. आई शेजारी, पदरावर वाळलेलं रक्त. तुम्ही दारातच उभे राहिलात आणि विचारलंत, “कोयंडा कुणी तोडला?”

हा तुमचा पहिला प्रश्न होता. मी सात वर्षांचीही झाले नव्हते, पण तो मला शब्दाशब्दानं आठवतो.

उत्तर आई देणार होती, पण गौरम्मा रस्ता ओलांडून आली. कमरेवर हात ठेवून तिनं तुम्हाला कन्नडमधून विचारलं, “स्वल्पनादरू बुद्धी इदेया निमगे?” थोडी तरी अक्कल आहे का तुम्हाला? मग ती जे बोलली त्यातलं निम्मं मला कळलं नाही, पण तुमची मान खाली जाताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही सुतार आणून नवीन कोयंडा बसवून घेतलात. होय, बसवून घेतलात. आणि कुलूप घेऊन वळलात तर गौरम्मा आमच्या पायरीवर बसलेली. “लावा,” ती म्हणाली, “मी इथंच आहे. रोज तोडीन.” रस्त्यावर सुतार होता, कारखान्याला निघालेले दोघं-तिघं होते. तुम्ही कुलूप डब्याच्या पिशवीत टाकलंत आणि निघून गेलात. त्यानंतर ते पुन्हा लागलं नाही. तुम्हाला आमची दया आली म्हणून नव्हे. चार लोकांनी पाहिलं म्हणून.

आता इथं मला अडखळायला होतं. टाके काढायला तुम्ही मला नेलंत. बसस्टॉपपासून दवाखान्यापर्यंत खांद्यावर बसवून नेलंत. तुमच्या शर्टाला मशीनच्या तेलाचा वास होता आणि मी दोन्ही हातांनी तुमचं कपाळ धरलं होतं. डॉक्टरनं चिमटा उचलला तेव्हा तुम्हीच डोळे मिटून घेतलेत. त्या दिवशी मी फार सुखात होते. पुढे मला शाळेत घातलंत, रोज पाटीवर बेरजा दिल्यात, रिकाम्या रस्त्यावर स्कूटर शिकवलीत. “मुलीला एम.एस्सी. करून काय करायचंय?” असं शंकरअण्णा म्हणाला तेव्हा “ती माझी मुलगी आहे, शिकेल,” असं म्हणून तुम्ही फॉर्मच्या रांगेत तीन तास उभे राहिलात. हे सगळं खरं आहे. ते खरं नसतं तर मी तुमचा सरळ, एकसारखा तिरस्कार केला असता आणि माझं काम सोपं झालं असतं. तुम्ही तेवढंही सोपं ठेवलं नाहीत.

सिनेमा सुटल्यावर नेहा मैत्रिणीला भेटायला म्हणून खालच्या मजल्यावर गेली आणि आपण दोघं कॉफी घेऊन बसलो. तुमचे डोळे अजून लाल होते. तुम्ही म्हणालात, “कसली माणसं असतात बघ जगात.”

मी म्हटलं, “अप्पा, होसकोट्याला आपल्या दाराला बाहेरून कुलूप असायचं.”

तुम्ही चमच्यानं कॉफी ढवळत राहिलात. त्यात साखर नव्हती. तुम्हाला मधुमेह होता. तरी ढवळत राहिलात.

“ते वेगळं होतं,” तुम्ही म्हणालात.

“कसं वेगळं?”

“तिथं वस्ती नव्हती. रस्त्यावर दिवे नव्हते. तुमच्या काळजीपोटी करत होतो.”

“गौरम्मा होती समोर.”

“मी कधी तुझ्या आईवर हात उचलला?”

“नाही.”

“मग?”

“त्या सिनेमातला माणूसही हात उचलत नाही, अप्पा.”

तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, जसं मी भलत्याच कुणाबद्दल बोलतेय. राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं, काहीतरी लागलं असं तरी वाटलं असतं. तुम्हाला खरोखर समजलं नव्हतं. पडद्यावरची ती खोली तुम्हाला दिसली, ती बाई दिसली, तिच्यासाठी तुमचा रुमाल भिजला, आणि तुमच्या स्वतःच्या हातातली किल्ली तुम्हाला दिसली नाही. मग तुम्ही शेवटचं वाक्य बोललात. “तुझ्या आईनं कधी तक्रार केली नाही.”

मी तोंड उघडलं होतं, पण नेहा आली. तुम्ही तिच्याकडे बघून हसलात आणि म्हणालात, “ही कॉफी स्वल्प कडक आहे, नाही?”

त्यानंतर मी तुमच्याकडे कमी यायला लागले. फोनवर आईशी बोलायचे आणि ठेवून द्यायचे. तुम्ही विचारत होतात, आई सांगायची. मला वाटायचं, एकदा बसून हे पुरतं बोलून घेऊ. पण तुम्हाला आधी निमोनिया झाला, मग दुसरं काहीतरी, आणि बोलायची वेळ आली तेव्हा तुम्ही खाटेवर होतात.

शेवटच्या आठवड्यातली एक दुपार. नर्सनं तुमच्या खाटेच्या दोन्ही बाजूंचे कठडे वर करून ठेवले होते. मी आत आले तर तुम्ही कठड्याचा दांडा धरून हलवत होतात. “मंजू, हे काढ. मला कोंडल्यासारखं होतंय.” नर्स म्हणाली, “अज्जा, तुम्ही पडाल. तुमच्याच काळजीसाठी आहे.” आणि मी हसले. मोठ्यानं हसले, अप्पा, तुम्ही दचकून माझ्याकडे बघितलंत. त्या हसण्याची मला लाज वाटते आणि वाटत नाही, दोन्ही. मग मी नर्सला सांगितलं, मी बसते इथं, कठडा खाली करा. चार तास बसले. तुम्ही माझं बोट धरून झोपलात, तोंड उघडं, कवळी काढलेली. तेव्हा बोलता आलं असतं. पण त्या अवस्थेतल्या माणसाला काय ऐकवायचं! झोपेतल्या माणसाशी भांडून कुणी जिंकत नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात. मी रडले. खूप रडले, तुम्हाला सांगायला हरकत नाही.

शोकसभेहून आम्ही तिघी माझ्या फ्लॅटवर आलो. तुम्ही गेल्यापासून आई माझ्याकडेच आहे. चहा झाला आणि नेहानं विचारलं, “अम्मा, मी बोलत होते तेव्हा तू बाहेर का गेलीस?”

मी आईकडे बघितलं. मला वाटलं, ती डोळ्यांनी खुणावेल, राहू दे म्हणून. ती म्हणाली, “सांग की. माझ्यासमोरच सांग.”

मी सांगितलं. कुलूप, खिडकी, हनुवटी, सगळं. मॉलमधलं कॉफीवरचं बोलणंही सांगितलं. तुमच्या शेवटच्या वाक्याला आई पुढे सरकली. ते तिनं पहिल्यांदाच ऐकलं होतं.

“तक्रार केली नाही म्हणाले?” ती म्हणाली. “पहिल्या आठवड्यात पाया पडले. मग भांडले. मग दोन दिवस जेवले नाही. मग महिनाभर रोज भात करपवला, तो पण खाल्ला त्यांनी मुकाट्यानं. आणखी काय करायचं होतं? अर्ज द्यायचा होता कारखान्यात?”

नेहा रडायला लागली होती. “पण अज्जी, ते खरंच रडले होते ग. मी हात धरला होता त्यांचा.”

“रडतील की,” आई म्हणाली. “दुसऱ्याच्या बाईसाठी रडायला काय जातंय?”

मी इतकी वर्षं तुमच्याबद्दल मनात जे काही रचत होते, ते तिनं एका वाक्यात संपवलं. तेही कपातला उरलेला चहा पिता पिता. मग नेहानं विचारलं, जे मी कधी विचारू शकले नव्हते, “मग तू एवढी वर्षं राहिलीस कशी त्यांच्याबरोबर?”

आईनं कप खाली ठेवला. “कुलूप गेल्यावर माणूस तेवढा वाईट नव्हता,” ती म्हणाली. “आणि आता घर खायला उठतं, ते पण खरं आहे.” मग कप उचलून ती आत गेली. नळ बराच वेळ चालू होता.

इथं हा मजकूर संपला असता तर बरं झालं असतं. तुमच्याबद्दलची तुच्छता माझ्याकडे नीट घडी घालून तयार होती. पण आज सकाळी दहाच्या सुमाराला दारावरची बेल वाजली. दार उघडलं तर बाहेर आई, साडी बदललेली, पिशवी हातात, आणि तिच्या मागे आमच्या बिल्डिंगचा वॉचमन. ती कधी बाहेर पडली हे मला कळलंही नव्हतं. वॉचमन ओशाळून सांगत होता, “मेडम, अज्जी ओब्ब्रे होरगडे होग्ता इद्रु. नीवे हेळिद्रल्ला.” अज्जी एकट्याच बाहेर निघाल्या होत्या. तुम्हीच सांगितलं होतंत ना.

मीच सांगितलं होतं. तुम्ही गेल्यावर पाचव्या दिवशी आईला जिन्यात चक्कर आली. दुसऱ्या दिवशी कॉलेजला जाताना मी गेटवर गाडी थांबवून सांगून आले, अज्जी एकट्या दिसल्या तर थांबवा, मला फोन करा. आईला मी हे सांगितलं नव्हतं. तशी गरजही वाटली नव्हती. इतकं साधं होतं ते, विसरूनही गेले होते.

वॉचमन लिफ्टनं खाली गेला. आई चपला न काढता दारातच उभी. मला वाटलं, ती चिडेल. ती अगदी शांतपणे म्हणाली, “तुझे अप्पा निदान स्वतः कुलूप लावायचे. तू त्याला माणूस ठेवलायस.”

माझ्या तोंडात सगळी उत्तरं तयार होती, अप्पा. तिचे गुडघे, तिची चक्कर, बाहेरच्या रस्त्यावरची गर्दी, फुटपाथवरून धावणाऱ्या मोटारसायकली. यातलं एकही खोटं नाही. तुमचीही खोटी नसतील. वस्ती नव्हतीच तिथं. रस्त्यावर दिवे नव्हतेच. मी आयुष्यभर तुमच्याकडे वरून बघत आले, आणि आज दारात उभी राहून मला तुमच्या हनुवटीवरचे खुंट, तुमची कपाळावरची आठी, सगळं माझ्या चेहऱ्यावर असल्यासारखं वाटलं. मी तुम्हाला माफ केलेलं नाही. उलट तुमचा राग आणखी वाढला, कारण हेही तुम्ही मला दिलंत आणि देताना सांगितलं नाहीत.

मी चपला घातल्या. आईबरोबर खाली गेले आणि तिच्यासमोर वॉचमनला सांगितलं, यापुढे अज्जींना थांबवायचं नाही, त्या कुठेही गेल्या तरी मला फोन करायचा नाही. तो “सरी मेडम” म्हणाला. आईनं माझ्याकडे बघितलं नाही. पिशवी खांद्याला अडकवली आणि बसस्टॉपच्या दिशेनं चालायला लागली, उजव्या पायावर जरा लंगडत. कुठे निघालीस, असं मी विचारलं नाही. जीभ दातांखाली धरली होती.

वर आले तर तिचा फोन सोफ्यावर. मुद्दाम ठेवून गेली असणार.

आता एक वाजत आलाय. तीन तास होत आले. नेहाचा मेसेज आला, अज्जी जेवली का. मी अजून उत्तर दिलेलं नाही. गाडीची किल्ली हातात घेऊन मी दोनदा लिफ्टपर्यंत जाऊन आले, अप्पा. दोन्ही वेळा परत आले, किल्ली टेबलावर ठेवली आणि पुढची ओळ लिहिली.